नळाला वास येतो आणि गल्ली म्हणते, गप्प बस

पत्र:

ताई, मी इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतात, पहाटे साडेपाचला. दिवाळीपासून पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी पिवळट येतं आणि त्याला गटाराचा वास असतो. नंतर स्वच्छ दिसतं. आमचे हे नळ आले की लगेच मोटर लावतात, टाकी तासाभरात भरते आणि मग ते निवांत पेपर वाचतात. वास मलाच येतो, त्यांना नाही!

मी महापालिकेच्या ॲपवर तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा मेसेज आला, माणूस एकदाही आला नाही. मग मी बाटलीचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर समोरचे भाऊजी म्हणाले, "भागीरथपुऱ्यासारखं आपल्या गल्लीचं नाव पेपरात आणायचंय का? उद्या घर विकायला काढलं तर कोण घेईल?" (भागीरथपुरा म्हणजे आमच्याच शहरातली ती वस्ती, जिथे नळाचं पाणी पिऊन माणसं गेली.) त्याआधी शेजारच्यांशी माझं पाचोळा जाळण्यावरून वाजलं होतंच. रोज सकाळी कडुनिंबाची पानं पेटवतात, धूर थेट आमच्या देवघरात येतो. आता मी 'कटकटी काकू' झाले आहे. यंदा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मंडळाचा मला निरोपही आला नाही.

मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, मोठा आरओ बसव आणि विषय संपव." पण आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंचा नातू महिन्यात दोनदा जुलाबाने आजारी पडला. त्यांची वस्ती नाल्यापलीकडे, लाइन बहुधा तीच. त्यांच्याकडे कुठला आरओ? मी हे चालू ठेवू की सोडून देऊ? एकटीने काही होतं का?

— कटकटी काकू, इंदूर

उत्तर:

काकू, पाण्याचं नंतर बघू. हळदी-कुंकवाचं वाचून मला जास्त वाईट वाटलं. वाण राहिलं ते राहिलं, पण ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं पापड लाटले त्यांनी निरोप न पाठवणं हे गटाराच्या वासापेक्षा वाईट. म्हणून आधीच सांगते, सोडू नका. मात्र आतापर्यंत जसं केलंत तसंही पुढे करू नका. आणि तुम्हाला आवडणार नाही अशी एक गोष्ट मला सुरुवातीलाच सांगायची आहे.

ती तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. "आमचे हे नळ आले की लगेच मोटर लावतात."

काकू, ती मोटर लाइनला थेट लावली आहे ना? मग ऐका. नळ एक दिवसाआड येतात म्हणजे मधले चाळीसेक तास जमिनीखालचा पाइप रिकामा, नाहीतर अर्धवट भरलेला असतो. आत दाब नसतो. आपल्या जुन्या गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकाच अरुंद रस्त्याखाली जवळजवळ टाकलेल्या. ड्रेनेजचा चेंबर चोकअप झाला की घाण आजूबाजूच्या मातीत मुरते आणि पाण्याच्या पाइपला जिथे सांधा सैल असेल, गंज लागून भोक पडलं असेल, तिथून हळूहळू आत शिरते. नळ आले की आधी ही साठलेली घाण बाहेर येते. तुमची ती पिवळी पंधरा मिनिटं म्हणजे हीच. लाइन पूर्ण दाबाने भरली की पाणी बाहेर ढकललं जातं, घाण आत येत नाही, म्हणून नंतर स्वच्छ दिसतं. आता अशा लाइनवर गल्लीतल्या वीस घरांनी एकदम मोटरी लावल्या तर काय होईल? दाब यायच्या आधीच पाइपमधून ओढ सुरू होते. मोटर पाणी ओढते तशीच त्या सैल सांध्यातून बाहेरची घाणही ओढते. भर पुरवठ्याच्या वेळी!

म्हणजे तुमचे हे निवांत पेपर वाचत असतात तेव्हा गल्लीचं गटार टाकीत चढवत असण्याची बरीच शक्यता आहे. (त्यांना वास का येत नाही हे मला विचारू नका. आमच्याकडेही तसंच आहे.) लाइनला थेट मोटर लावणं नियमातही बसत नाही. म्हणून पहिलं काम घरातलं. नळाचं पाणी आपल्या दाबाने खालच्या हौदात पडू द्या, आणि मोटर हौदातून वर टाकीला चढवायला लावा. हौद नसेल तर जमिनीवर पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवली तरी चालते. पहिली पंधरा मिनिटं तोटी उघडी ठेवून पाणी बाहेर जाऊ द्या. हे आधी करा. नाहीतर तुम्ही समोरच्या भाऊजींशी बोलायला जाल आणि ते तुमच्याच मोटरीकडे बोट दाखवतील. दाखवायलाच हवं.

आणि आजपासून पिण्याचं पाणी खळखळून उकळून, आरओ असला तरी. मुलाचं चुकलं नाही, त्याला आईची काळजी आहे. पण आरओची तोटी एक आणि घरातल्या तोट्या सात. पोह्यांवरची कोथिंबीर कुठल्या पाण्याने धुता? दात कुठल्या पाण्याने घासता? मोठा आरओ घेतला की विषय तुमच्या घरापुरता दिसेनासा होतो, एवढंच. बाईंच्या नातवाला पुन्हा जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करायला सांगा, आणि मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली तर घरी वाट बघू नका, दवाखाना गाठा. त्यांच्या घरी पाणी उकळायला गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या तुम्ही घेऊन द्या. किती पाण्याला किती गोळ्या आणि किती वेळ थांबायचं ते पाकिटावर असतं, ते वाचून दाखवा.

आता गल्लीकडे येते. समोरच्या भाऊजींना तुम्ही खलनायक करू नका. ते जे म्हणतात ते अर्धं इंदूर म्हणतं. 2017 पासून हे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं सलग पहिलं आलं आणि ते फुकटात मिळालेलं नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लाखो घरांनी लावून घेतली, पहाटे झाडणारे हात थंडीत गारठले, देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर हलवला. हा अभिमान खराच आहे. पण नीट बघा, आपण जे जिंकलो ते डोळ्यांना दिसणारं होतं. रस्त्यावर पडलेलं केळीचं साल दिसतं, उचलता येतं. पाइपच्या आतलं दिसत नाही. हवेतले बारीक कण दिसत नाहीत. 2025 च्या डिसेंबरच्या शेवटी भागीरथपुऱ्यात तेच झालं. वरून शहर चकाचक, खाली पोलीस चौकीच्या शौचालयाजवळ मुख्य लाइनला गळती, आणि नळाचं पाणी पिऊन माणसं गेली. लोक त्याआधीही सांगत होते की पाण्याला वास येतोय. त्यामुळे भाऊजी जेव्हा म्हणतात "भागीरथपुऱ्यासारखं नाव आणायचंय का", तेव्हा त्यांना एवढंच शांतपणे विचारा की भागीरथपुऱ्याचं नाव तक्रारीमुळे आलं की तक्रारी न ऐकल्यामुळे?

हे ग्रुपवर नका विचारू हं, समोरासमोर विचारा, चहाच्या वेळी. ग्रुपवर माणूस चारचौघांत हरायला तयार नसतो. तुमचा फोटो म्हणूनच आपटला. फोटोतली पिवळी बाटली ही तुमची बाटली होती, त्यांची नव्हती.

आमच्या गल्लीत बऱ्याच वर्षांपूर्वी काविळीची साथ आली होती. मी तेव्हा तुमच्यापेक्षा मोठी कटकटी होते. घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं, पोच घेतली, फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली. काही झालं नाही. मग आमच्या मागच्या घरातल्या एका आजींनी, चौथीपर्यंत शिकलेल्या, एक साधं काम केलं. रिकाम्या बाटल्या धुऊन दहा घरांत वाटल्या आणि सांगितलं, उद्या नळ आले की पहिलं पाणी यात भरा आणि माझ्या ओटल्यावर आणून ठेवा. सकाळी सातला ओटल्यावर दहा बाटल्या रांगेत, प्रत्येकीवर घर नंबराची चिठ्ठी. पहिल्या चार स्वच्छ, पाचवीपासून पुढे गढूळ. पाचव्या घरासमोर चेंबर होता. कुणाला काही सांगावंच लागलं नाही. जो तो आपली बाटली बघून शेजारची बघायला लागला. गळती तिथेच निघाली.

तुम्हालाही तेच सुचवते, थोडं आधुनिक करून. बाजारात क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं, पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. आपल्या नळाच्या पिवळ्याशी याची गल्लत करू नका, हा पिवळा चांगला. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असं भारतीय मानक सांगतं. रंग आलाच नाही तर एकतर क्लोरीन नीट घातलेला नाही, नाहीतर वाटेत कशाने तरी तो खाऊन टाकला आहे, आणि ते सांडपाणीही असू शकतं. दुसरी असते एचटूएस कुपी. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर मैला मिसळल्याचा दाट संशय. थंडीत स्वयंपाकघरात ऊबेला ठेवा. काळी झालेली कुपी उघडू नका, आणि टाकायची वेळ आली की आधी ब्लीच घाला. ही कुपी म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, पण तिच्यासारखं बोलकं काही नाही. भाऊजींच्या हातात त्यांच्याच नळाची कुपी द्या आणि परवा बघू म्हणा. बस. दोन दिवस ते ती कुपी रोज दहा वेळा बघतील. पक्कं हवं असेल तर प्रयोगशाळा आहे. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, अजिबात सापडता कामा नये, एवढी एक ओळ लक्षात ठेवा. नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा, नाहीतर तुमचा नमुनाच चुकीचा ठरवतील.

आणि वही. तुम्ही शिक्षिका आहात, हजेरीपट कसा ठेवायचा ते मी तुम्हाला काय सांगणार? तारीख, नळ किती वाजता आले, किती मिनिटं घाण, रंग, वास, क्लोरीन आला की नाही, घर नंबर. नळ सुरू होताना, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने, अशा तीन बाटल्या. पहिली घाण आणि तिसरी स्वच्छ असेल तर घाण जवळपास शिरते आहे. तिसरीही घाण असेल तर दुखणं मोठं आहे, आणि मग वहीबिही बाजूला ठेवून त्याच सकाळी फोन करायचा आणि शेजारच्यांना पाणी पिऊ नका म्हणून सांगत सुटायचं, कोणी कटकटी म्हणो की वेडी म्हणो.

तक्रारीबद्दल. 'पाणी घाण येते' असं लिहू नका, ती बंद करणं फार सोपं. 'अमुक तारखेपासून, अमुक सात घरांत, साडेपाच ते पावणेसहा, सांडपाण्याचा वास, क्लोरीन शून्य, संशय अमुक घरासमोरच्या चेंबरवर' असं लिहा. आणि सातही घरांनी एकाच दिवशी आपापल्या नावाने, आपापल्या नळ कनेक्शनचा नंबर घालून. एकीने तीनदा केलेली तक्रार ही कुरकुर, सात घरांनी एकदा केलेली तक्रार हा पत्ता. तेवढ्याने हललं नाही तर 181, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन. त्यावर तक्रार खालच्या पायरीवर मिटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे चढते, आणि मिटवायच्या आधी तुम्हाला फोन येतो. इथे सगळे फसतात. पलीकडचा फार गोड बोलतो, "मॅडम, अभी बंद करवा दीजिए, काम हो जाएगा." तुम्ही मास्तरीणबाईंच्या आवाजात म्हणायचं, काम होऊ दे, मग बंद करू. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनावणी असते, तिथे वहीची झेरॉक्स घेऊन चौघी जा, एकटी नको. 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात एवढंच मागा: आमच्या भागाला ज्या टंकीतून पाणी येतं तिचे गेल्या तीन महिन्यांचे तपासणी अहवाल, आणि आमच्या गल्लीतली पाण्याची व ड्रेनेजची लाइन कधी टाकली. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भ्रष्टाचार, निष्काळजीपणा असे शब्द कुठेही घालू नका. ते शब्द वाचले की समोरचा आपला बचाव लिहायला बसतो, पाइप बघायला जात नाही.

आणखी एक माणूस आहे ज्याला आपण सगळे विसरतो, वॉल्व्ह फिरवायला येतो तो. पहाटे पाचला तो चौकात असतो. कुठला सांधा कधीपासून गळतो हे त्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक. त्याला चहा द्या, दोन शेव-परमल द्या, आणि मग विचारा. त्याचं नाव मात्र कुठल्याही अर्जात घालू नका, त्याची नोकरी जाईल. लाइन खोदायला माणसं येतील तेव्हाही तिथे उभ्या राहा, फोटो काढा, दोन्ही पाइप एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते टिपा. नुसता पट्टा बांधून माती लोटली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता बाईंबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच. "लाइन बहुधा तीच" असं तुम्ही लिहिलंय. बहुधा नको, जाऊन बघा. त्यांच्याकडे नळ किती वाजता येतात, किती वेळ, पाइप नाल्यातून जातो का. आपल्या चळवळी दिवाणखान्यात सुरू होतात आणि तिथेच चिवडा खाऊन संपतात, हा माझा जुना राग आहे. ज्यांच्याकडे टाकी नाही, आरओ नाही, सुट्टी घ्यायची सोय नाही, त्यांची घरं वहीत पहिल्या पानावर हवीत. पण एक पथ्य पाळा. बाईंना "चला माझ्याबरोबर ऑफिसात" म्हणाल तर त्यांचा दिवसाचा खाडा होतो. पगार कापू नका, आणि त्यांना पुढेही ढकलू नका. जिथे बोलायचं तिथे त्या बोलतील, तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील.

पाचोळ्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. हिवाळ्याच्या सकाळी वरची हवा उबदार आणि खालची थंड, त्यामुळे धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो. उघड्यावर कचरा जाळण्याला हरित लवादाने 2016 च्या आदेशात 5,000 रुपयांचा दंड सांगितलेला आहे. तरीही शेजाऱ्यांना आत्ता दंडाची भीती घालू नका. पाण्यासाठी त्यांची सही लागणार आहे! एका वेळी एकच भांडण. पानं मला द्या म्हणा, कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका, वर माती आणि थोडं ताक. पावसाळ्यापर्यंत तुळशीला खत होईल.

"एकटीने काही होतं का" असं विचारलंत. तुम्ही जे पाणी पिता ते नर्मदेचं, सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढून आलेलं. ते असं आपोआप आलेलं नाही. 1970 मध्ये इंदूरच्या लोकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केलं. त्यात विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, शहरातल्या अभ्यास मंडळ या संस्थेची माणसं होती, मुकुंद कुलकर्णींसारखे आपले लोक होते. 1978 मध्ये पाणी शहरात आलं. आठ वर्षं लागली. ज्यांनी सुरुवात केली त्यांनाही तेव्हा कुणी ना कुणी म्हटलंच असेल, नदी काय खिशातून आणणार का. इंदूरच्याच सिरपूर तलावाचंही तसंच. चित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं तिथे पक्षी मोजत, कचरा अडवत, अतिक्रमणावर बोट ठेवत राहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2022 मध्ये सिरपूर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. त्या लोकांनी आरडाओरडा किती केला ते मला सांगता येणार नाही, पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या हे नक्की.

मंडळात परत जायचं का, हा तुमचा प्रश्न पत्रात लिहिलेला नाही पण दिसतो. जा. निरोपाची वाट बघू नका. चैत्रातलं हळदी-कुंकू तुमच्याकडे ठेवा, कैरीची डाळ करा, पन्हं करा. पन्ह्याला पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि कुणी विचारलंच तर तेवढंच सांगा, उकळलेलं आहे गं. लेक्चर नको. बाईंनाही त्याच बैठकीत बोलवा, स्वयंपाकघरात नको.

आणि ह्यांच्या हातात वहीचा रकाना द्या. पहाटे उठतातच, घड्याळ बघून वेळ लिहितील. मोटर बंद केल्यामुळे मोकळा वेळही मिळेल.

पुढचे नळ कधी आहेत तुमच्याकडे? गुरुवारी असतील तर बुधवारी रात्री काचेच्या तीन बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून, झाकणं लावून, पालथ्या ठेवा. चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवा, पहाटे अंधारात पेन सापडत नाही.